भिकूला घर मिळतं, पीटरला नाही

सत्तरच्या दशकातल्या हिंदी गुन्हेपटांत व्हिलनच्या मागे हात बांधून उभी असलेली माणसं आठवा. पीटर, रॉबर्ट, मायकल. व्हिलन 'रॉबर्ट' म्हणून हाक मारतो, रॉबर्ट पुढे येतो, कुणाचा तरी गळा धरतो, शेवटच्या हाणामारीत खोक्यांच्या ढिगावर आपटतो आणि संपतो. त्याची आई कोण, तो राहतो कुठे, या धंद्यात आला कसा, हे कधीच कळत नाही. कळावं असं वाटतही नाही, कारण नाव कानावर पडताच प्रेक्षकाने त्याचं सगळं चरित्र मनातल्या मनात भरून घेतलेलं असतं.

चित्रपट अभ्यासात याला प्रतिनिधित्व म्हणतात. पडद्यावरचा एक माणूस अख्ख्या समाजाच्या वतीने उभा राहतो, त्याला त्या समाजाने निवडून दिलेलं नसलं तरी. विषय ऐकायला जड आहे, पण आपण सगळे लहानपणापासून हे पाहत आलोय. त्यामुळे मुंबईवरच्या दहाएक ओळखीच्या सिनेमांतूनच तो समजून घेऊ.

लेखकाची अडचण

आधी पटकथाकाराची बाजू. कौटुंबिक सिनेमा एका घरात राहतो, प्रेमकथा फार तर दोन घरांत. गुन्हा मात्र शहरभर हिंडतो. चोरीचा माल भंगारवाल्याकडे जातो, खबर पानवाल्याकडून येते, पैसा बिल्डरकडे पोचतो आणि फाइल मंत्रालयात अडकते. तपास करणाऱ्या इन्स्पेक्टरला सकाळी मलबार हिलचा बंगला आणि दुपारी धारावीतली गल्ली अशी पायपीट करावी लागते. समाजाचे इतके थर एका गोष्टीत आणणारा दुसरा चित्रपटप्रकार आपल्याकडे नाही. मला गुन्हेपट आवडतात ते मुख्यतः यामुळेच, गोळीबारासाठी नव्हे.

पण दोन-अडीच तासांत तीस-चाळीस माणसांची ओळख करून द्यायची, तर प्रत्येकाला पाच मिनिटं देऊन भागत नाही. मग खुणा कामाला येतात. आडनाव, बोलण्यातला हेल, टोपी, लुंगी, गळ्यातला क्रॉस, कपाळावरचा टिळा. एका शॉटमध्ये माणूस ओळखीचा होतो आणि गोष्ट पुढे सरकते. नटांचा चेहरासुद्धा अशीच खूण बनतो. जगदीश राज या नटाने १४४ चित्रपटांत पोलीस अधिकारी केला आणि त्याची नोंद थेट गिनीज बुकात झाली. तो खाकीत आला की प्रेक्षकाला दुसरं काही सांगायची गरज नसायची.

तेव्हा खुणा वापरणं हा काही गुन्हा नाही. त्या वापरल्याशिवाय गुन्हेपट लिहिताच येणार नाही. अडचण पुढे सुरू होते.

नमुना कुठे संपतो, साचा कुठे सुरू होतो

अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन याने १९२२ साली एक साधं निरीक्षण मांडलं होतं. आपल्याला वाटतं की आपण आधी पाहतो आणि मग मत बनवतो. बहुतेक वेळा घडतं ते उलटं. मत आधीच तयार असतं आणि आपण त्याला जुळेल तेवढंच पाहतो. एवढं मोठं, गुंतागुंतीचं जग डोक्यात मावत नाही, म्हणून माणूस त्याची सोपी चित्रं काढून ठेवतो.

पुढे ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड डायरने सिनेमाबद्दल बोलताना एक उपयोगी भेद केला. समाजाला जी माणसं आपली वाटतात, त्यांचे नमुने असतात. जी परकी वाटतात, त्यांचे साचे होतात. नमुन्याला गोष्टीत कुठलंही काम देता येतं. चाळीतला मध्यमवर्गीय बाप घ्या. तो नायक होऊ शकतो, हसं करून घेऊ शकतो, मुलाला पोलिसांच्या हवाली करू शकतो किंवा त्याला लपवू शकतो. तो काय करेल हे आधी सांगता येत नाही. साच्यातला माणूस मात्र स्वतःची गोष्ट पाठीवर बांधूनच आत येतो. दारुडा ख्रिश्चन आला म्हणजे तो पिणार, दोन शब्द वेडेवाकडे बोलणार आणि मरणार.

मी सिनेमा पाहताना हे मोजायला एकच प्रश्न धरून ठेवतो: कारण कुणाकुणाला मिळालं? म्हणजे कुणाला घर दाखवलं, कुणाला आई-बाप आहेत, कुणाचा भूतकाळ सांगितला, कुणावर 'हे करू की ते करू' अशी वेळ आणली. पात्र चांगलं आहे की वाईट, याला मी दुय्यम मानतो. भला माणूसही साच्यातला असू शकतो, आणि खुनी माणूसही जिवंत असू शकतो.

डिसिल्व्हा आणि पीटर

ख्रिश्चन पात्रांपासून सुरुवात करू, कारण इथे एकाच लेखकजोडीची दोन उदाहरणं शेजारी ठेवता येतात.

'जंजीर' १९७३ चा, 'दीवार' १९७५ चा. दोन्ही सलीम-जावेद यांनी लिहिलेले. 'जंजीर'मध्ये ओम प्रकाश यांनी डिसिल्व्हा नावाचा म्हातारा केलाय. बाटली घेऊन फिरणारा, लोकांना वेडसर वाटणारा. म्हणजे साचा अगदी ठरलेला. पण मध्यावर कळतं की विषारी दारूने त्याची तिन्ही मुलं गेली आहेत, आणि इन्स्पेक्टरला निनावी फोन करून दारूच्या ट्रकांची खबर देणारा माणूस हाच. ज्या बाटलीला आपण साच्याची खूण समजत होतो, तीच त्याच्या दुःखाची खूण निघते. लेखकांनी साचा मुद्दाम आपल्या हातात दिला आणि मग काढून घेतला.

आता 'दीवार'मधला पीटर. गोदीतल्या हमालांकडून दर आठवड्याला हप्ता गोळा करणाऱ्या टोळीचा म्होरक्या. नायक विजय एकटा त्याच्या गोदामात जातो, दाराला आतून कुलूप लावतो, किल्ली पीटरकडे टाकतो आणि आता ही तुझ्या खिशातूनच काढून घेईन असं बजावतो. हिंदी सिनेमातल्या सर्वांत गाजलेल्या प्रसंगांपैकी हा एक. पण पीटर कोण? माहीत नाही. त्याचं नाव पीटर का? त्यालाही उत्तर नाही. त्याच चित्रपटात विजयला बापाची बदनामी आहे, हातावर गोंदवलेलं वाक्य आहे, बांधकामावर विटा वाहणारी आई आहे. सगळी कारणं एका बाजूला गेली आणि पीटरच्या वाट्याला नुसतं नाव उरलं.

हा साचा अगदी हवेतून आला असंही नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर शहरात चोरट्या दारूचे अड्डे फोफावले. त्यातले काही गोवेकर ख्रिश्चन बायका आपल्या घरातच चालवत, त्यातूनच 'आंटीचा अड्डा' हा शब्द रूढ झाला. साच्यात बहुतेक वेळा असा खऱ्याचा एक कण असतो. पण त्याच काळात त्याच समाजातली माणसं शाळेत शिकवत होती, इस्पितळात रात्रपाळी करत होती, रेल्वेत आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकऱ्या करत होती. गंमत म्हणजे हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद गोवेकर वादकांनी भरलेले होते. सॅबेस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यातली मोठी नावं. पडद्यावर रॉबर्ट मार खात असताना मागे व्हायोलिन आणि ट्रम्पेट वाजवणारे बरेचदा त्याच्याच गावचे असायचे. ती माणसं स्टुडिओत होती, पटकथेत मात्र आली नाहीत.

'अर्धसत्य'मधला (१९८३) माइक लोबो हा या रांगेतला वेगळा माणूस. नसीरुद्दीन शहांनी केलेला हा निलंबित पोलीस अधिकारी दारूत पार बुडालेला आहे. पण त्याची दारू त्याच्या धर्मातून आलेली नाही, खात्यातून आलेली आहे. नायक अनंत वेलणकर त्याला टाळायला बघतो, कारण आणखी काही वर्षांनी आपलंही असंच होणार हे त्याला दिसतं. एका ख्रिश्चन पात्रात एका मराठी नायकाने स्वतःला पाहावं, हे त्या काळात फार घडत नव्हतं.

चांगुलपणाचाही साचा असतो

मुस्लीम पात्रांचं प्रकरण जास्त नाजूक, कारण तिथे साचा बहुधा प्रेमळ असतो. 'जंजीर'चा शेरखान जुगाराचा अड्डा चालवतो, इन्स्पेक्टरशी दोन हात झाल्यावर तो धंदा सोडतो आणि दोस्तीसाठी जीव द्यायला तयार होतो. 'दीवार'मधले रहीमचाचा विजयच्या बिल्ल्यावरचा ७८६ हा आकडा किती पवित्र आहे ते त्याला सांगतात. मंदिराची पायरी न चढणारा विजय तो बिल्ला शेवटपर्यंत जपतो, आणि तो हातातून निसटतो तेव्हाच त्याचा शेवट होतो. प्रसंग सुंदर आहेत. पण चाचांचं स्वतःचं काय? आशीर्वाद द्यायचा आणि कथेतून बाजूला व्हायचं, एवढंच त्यांचं काम. पठाण निष्ठावान, चाचा पवित्र. दोघांनाही वाईट वागण्याची मुभा नाही, आणि ज्याला चुकता येत नाही त्याच्यावर निवडीची वेळही येत नाही.

१९९२-९३ च्या दंगली आणि बॉम्बस्फोटांनंतर हा प्रेमळ साचा मोडला. त्याच्या जागी जोडी आली. एक देशद्रोही आणि एक देशभक्त, दोघेही मुस्लीम. 'सरफरोश' (१९९९) यातला सगळ्यात प्रामाणिक सिनेमा मला वाटतो, आणि म्हणूनच त्यात अडचण नीट दिसते. गुलफाम हसन या खलनायक गझलगायकाला लेखकाने कारण दिलंय, फाळणीत सोसलेलं लहानपण दिलंय. इन्स्पेक्टर सलीमला राग दिलाय, कारण त्याच्या निष्ठेवर खात्यातच शंका घेतली जाते. तरीही हिशेब सारखा होत नाही. नायक एसीपी राठोडच्या भावाला दहशतवाद्यांनी मारलं, म्हणून तो लढतो. त्याचं कारण त्याच्या घरातलं. सलीमचं आणि गुलफामचं कारण त्यांच्या समाजाचं. राठोड चुकला तर राठोड चुकेल, सलीम चुकला तर सगळे चुकणार. अभ्यासक ज्याला प्रतिनिधित्वाचं ओझं म्हणतात ते हेच.

'अ वेन्सडे'ने (२००८) या पेचातून एक चतुर वाट काढली. सगळं शहर वेठीला धरणाऱ्या त्या सामान्य माणसाचं नावच सांगितलं नाही. शेवटी कमिशनर म्हणतात की त्याने मला नाव सांगितलं होतं, पण मी ते सांगणार नाही, कारण लोक नावात धर्म शोधतात. चलाखी आहेच, पण नावाला किती वजन असतं याची कबुलीही त्यात आहे.

रामा शेट्टी आणि इन्स्पेक्टर केळकर

साचा ओळखायची एक घरगुती चाचणी आहे. पात्राचं आडनाव बदलून पाहायचं. गोष्ट अडली तर ते आडनाव गोष्टीचा भाग आहे. गोष्ट बिनधोक पुढे गेली तर ते प्रेक्षकाच्या पूर्वग्रहाला दिलेली हाक आहे.

पुन्हा 'अर्धसत्य' घेऊ. श्री. दा. पानवलकरांची कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, दिलीप चित्र्यांची कविता, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन. सदाशिव अमरापूरकरांनी केलेला रामा शेट्टी आजही अंगावर काटा आणतो. नगरचा हा मराठी नट, आवाज न चढवता बोलणारा, आणि समोरचा इन्स्पेक्टर हतबल. त्या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं, योग्यच मिळालं. आता त्याचं नाव रामा सावंत करून पाहा. राजकारण्यांच्या आशीर्वादाने वाढलेला, पालिकेच्या निवडणुकीला उभा राहिलेला, पोलिसांना हात लावता न येणारा रामा सावंत. कथेतली एक वीटही हलत नाही. म्हणजे 'शेट्टी' कथेसाठी आलेला नाही. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली, तिच्या सुरुवातीच्या आंदोलनांचा रोख दाक्षिणात्यांवर होता, आणि मटका-दारूच्या धंद्यात तमिळ डॉन वरदराजन मुदलियारचं नाव गाजत होतं. अशा शहरातल्या प्रेक्षकाला हे आडनाव पुरेसं होतं. शेट्टीचं घर, गाव, भूक यातलं काहीच दाखवावं लागलं नाही.

वेलणकरला मात्र सगळं मिळालंय. खात्यातच हवालदार असलेला आणि आईला मारणारा बाप, पुढे शिकण्याची राहून गेलेली इच्छा, कविता वाचायला लावणारी मैत्रीण. पोलीस कोठडीत त्याच्या हातून माणूस मरतो तेव्हाही आपण त्याच्या बाजूने हळहळतो.

चार वर्षांनी, १९८७ साली, मद्रासहून उत्तर यावं तसा मणिरत्नमचा 'नायकन' आला. वरदराजनच्या आयुष्यावरून सुचलेली तमिळ कथा, कमल हासन नायक. वेलूचा बाप कामगार पुढारी, पोलिसांनी मारलेला. मुलगा त्या पोलिसाचा जीव घेऊन मुंबईला पळतो आणि झोपडपट्टीत हुसेनभाई नावाच्या प्रेमळ म्हाताऱ्याकडे वाढतो. म्हणजे जे रामा शेट्टीला नाकारलं होतं ते सगळं वेलूला मिळालं: गाव, बाप, भूक, जिव्हाळ्याची माणसं. आणि या सिनेमात झोपडपट्टीवर वरवंटा फिरवणारा, हुसेनभाईंचा कोठडीत जीव घेणारा क्रूर पोलीस कोण? इन्स्पेक्टर केळकर.

मराठी प्रेक्षकाने 'नायकन' पाहावा तो यासाठी. केळकर हे नाव तमिळ प्रेक्षकाला जे सांगतं, तेच शेट्टी आपल्याला सांगत होतं. परक्या शहरात दंडुका घेऊन उभी असलेली स्थानिक सत्ता, एवढीच केळकरची ओळख. पण मणिरत्नम तिथे थांबत नाही. केळकरला मारल्यावर वेलू त्याच्या घरी जातो. तिथे केळकरची बायको आहे, मतिमंद मुलगा आहे. वेलू त्या कुटुंबाची जबाबदारी घेतो, आणि पुढे तोच मुलगा, अजित, मोठा होऊन वेलूला गोळी घालतो. केळकरला घर मिळतं ते मेल्यावर, पण मिळतं. तेवढ्या एका प्रसंगाने साचा तडकतो आणि सिनेमाचा शेवटही त्याच फटीतून येतो. नाट्याच्या दृष्टीनेही हे जास्त फायद्याचं आहे, हे पटकथा लिहिणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. पीटरला घर नव्हतं, म्हणून पीटरच्या घरून सूड घ्यायला कुणी येऊ शकलं नाही.

हवालदाराचा मुलगा डॉन होतो

हिंदी गुन्हेपटात मराठी माणूस बराच काळ खालच्या पायऱ्यांवर होता. सलाम ठोकणारा हवालदार, गाडी काढणारा ड्रायव्हर, साहेबांच्या घरी भांडी घासणारी शांताबाई. 'काय झाला साहेब' असलं मोडकं मराठी बोलायचं आणि हशा घ्यायचा. आपल्याला याचा राग येतो आणि तो रास्त आहे. मात्र तोच राग रॉबर्टच्या वेळी आला नव्हता, शेट्टीच्या वेळीही नाही.

चित्र पालटलं १९९८-९९ मध्ये. 'सत्या'तला भिकू म्हात्रे आणि 'वास्तव'मधला रघुनाथ शिवलकर. दोघेही गुन्हेगार, दोघांच्या हातून खून होतात, आणि दोघांनाही भरभरून घर मिळालंय. सौरभ शुक्ला आणि अनुराग कश्यप यांनी लिहिलेला भिकू बाहेर खंडणी गोळा करतो आणि घरात बायकोपुढे त्याचं फार चालत नाही. ती चिडते, तो चिडतो, मग दोघं हसतात. शेफाली शहाने प्यारी अशी काही उभी केलीय की गुंडाची बायको हा आधीचा रडका साचा तिच्यापुढे टिकत नाही. उलट नायक सत्याला आडनाव नाही, गाव नाही, मागचं काही सांगितलेलंच नाही. मुंबईत आलेला कुणीही, एवढंच. नायक कोरा आणि मित्र काठोकाठ भरलेला अशी ही उलटी रचना आहे. पंचवीस वर्षांनंतरही लोकांच्या तोंडी भिकूचंच नाव आहे, त्याचं एक कारण हेच असावं. मनोज बाजपेयी बिहारचे, तरी कुणाला खटकलं नाही.

'वास्तव'मध्ये रघू गळ्यात पन्नास तोळ्यांची साखळी आणि हातात पिस्तूल घेऊन चाळीतल्या घरी येतो आणि आईला दोन्ही कौतुकाने दाखवतो. शाळेतलं बक्षीस दाखवावं तसं. रीमा लागूंच्या चेहऱ्यावर अभिमान नाही, धड रागही नाही. गुन्हेगाराला घर देणं म्हणजे काय, ते या दोन मिनिटांत कळतं. शेवटी तीच आई त्याला गोळी घालते.

या मुलांच्या मागे जे कारण उभं होतं ते जयंत पवारांनी आधीच रंगमंचावर आणलं होतं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या बंद पडल्या, बाप घरी बसले, पोरं नाक्यावर आली. 'अधांतर' नाटकात प्रेक्षक चाळीतल्या त्या एका खोलीबाहेर जात नाही. त्या घरातल्या नरूची गुंडगिरी बाहेर घडते, आपल्याला दिसतो तो घरी जेवायला आलेला मुलगा. पुढे २०१० मध्ये महेश मांजरेकरांनी यावर 'लालबाग परळ' केला.

इथे एक सावधगिरीची सूचना. कारण दाखवता दाखवता कधी कधी माफीच देऊन टाकली जाते. गिरणी बंद पडली म्हणून नरू बिघडला, हे मान्य. पण त्याच लाखो घरांतल्या बहुतेक मुलांनी वॉचमनची नोकरी केली, रिक्षा चालवली, वडापावची गाडी लावली. त्यांच्यावर सिनेमा निघत नाही. आणि ज्या दुकानदारांकडून हप्ता वसूल झाला त्यांना तर एक संवादही मिळत नाही. एका समाजाला घर द्यायचं आणि त्याचा भुर्दंड दुसऱ्याने भरायचा, हे मराठी गुन्हेपटात सर्रास चालतं. मारवाडी सावकार, गुजराती बिल्डर, दुधाचा रतीब घालणारा भैया हे आपले रॉबर्ट.

बायकांच्या वाट्याला कारण सगळ्यात कमी येतं. आई, बायको, बारबाला, एवढ्यावर बरेच लेखक थांबतात. 'चांदनी बार'मध्ये (२००१) तब्बूची मुमताज दंगलीत घरदार गमावून मुंबईत येते आणि बारमध्ये नाचायला लागते. एरवी नायकाच्या दोन प्रसंगांमध्ये नाचून जाणारी बाई इथे मध्यभागी आली, हा मोठाच बदल होता. फक्त लेखकाने तिच्यावर एकामागून एक इतकी संकटं लादली की तिला स्वतःहून काही ठरवायला जागाच उरली नाही. भूतकाळ मिळाला, निवड मात्र राहून गेली.

ज्याचं नाव घेत नाहीत

एवढे सगळे सिनेमे पाहिल्यावर एक मोकळी जागा खुपते. धर्म मोठ्याने सांगितला जातो, प्रांत तर ढोल वाजवून सांगितला जातो. जात मात्र गिळून टाकली जाते. टोळीत म्हात्रे असतो, शिवलकर असतो, पोलिसांत वेलणकर आणि 'सत्या'तला खांडिलकर. आडनावावरून प्रेक्षक काय ते समजून घेतो, पात्रं त्यावर अवाक्षर काढत नाहीत.

चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'ने (२०१४) ती जागा भरली. त्याला गुन्हेपट म्हणावं का, यावर वाद होईल, पण त्यात आरोप आहे, आरोपी आहे, खटला आहे. नारायण कांबळे या वृद्ध आंबेडकरी लोकशाहिराने गाणं म्हटलं आणि ते ऐकून मॅनहोल साफ करणाऱ्या वासुदेव पवारने आत्महत्या केली, असा आरोप. वासुदेव पीत होता, हे कोर्टात निघतं. पुन्हा दारू, पुन्हा साचा. मग त्याच्या बायकोची साक्ष होते. गटाराचा वास सहन व्हावा म्हणून तो प्यायचा. आत उतरण्यापूर्वी खडा टाकून पाहायचा. झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजायचं. ती हे विचारलं तेवढंच, कोरड्या आवाजात सांगते. रडवणारं संगीत नाही, क्लोज-अप नाही. एका मद्यपी सफाई कामगाराला कारण मिळतं, तेही उलटतपासणीच्या भाषेत.

ताम्हाणे यापुढे जे करतो ते मला त्याहून धाडसाचं वाटतं. कोर्ट सुटल्यावर कॅमेरा वकिलांच्या मागे घरी जातो. बचाव पक्षाचा विनय व्होरा सुपरमार्केटमधून वाइन आणि चीज घेतो, गाडीत जॅझ लावतो. कांबळेला आत डांबायला निघालेली सरकारी वकील लोकलने जाते, सोबतच्या बाईशी साडीबद्दल आणि ऑलिव्ह ऑइलबद्दल बोलते, पाळणाघरातून मुलाला घेते, घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. गीतांजली कुलकर्णींनी ही बाई इतकी ओळखीची केलीय की तिला खलनायिका म्हणायला जीभ रेटत नाही. दिवसा तिने जुन्या कायद्यांची कलमं एकसुरी आवाजात वाचून दाखवलेली असतात, आणि तरी तिच्या हातातली भाजीची पिशवी आपल्या घरातली वाटते.

सुट्टीच्या दिवशी ती नवरा-मुलांना घेऊन मराठी नाटकाला जाते. रंगमंचावर एका मुलीने परप्रांतीय मुलगा पसंत केलाय आणि बाप भडकलाय. बापाला भाषण मिळतं, अभिमान मिळतो, टाळ्या मिळतात. मुलाला एक हेल मिळतो आणि दाराबाहेरची वाट. सभागृह खदखदून हसतं आणि सरकारी वकीलही हसते. ताम्हाणेचा कॅमेरा त्या हसणाऱ्या प्रेक्षकांवर बराच वेळ स्थिर राहतो.